धडधडअक्का आणि भुतांचे सिनेमे

तिला सगळे धडधडअक्का म्हणत. तोंडावर नुसतं अक्का, आणि ती गल्लीचं वळण ओलांडून गेली की धडधडअक्का. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून थोडं आवडतही होतं. आख्ख्या शहरात डिझेलचा जनरेटर भाड्याने देणारी बाई ती एकटीच. कुणाचं लग्न असो, दुकानाचं उद्घाटन असो की शाळेचं स्नेहसंमेलन, वीज जायची धास्ती असली की लोक तिचं दार गाठत. मग अक्का पदर खोचून टेम्पोच्या मागे चढायची, हँडलला दोन्ही हातांनी भिडायची, आणि ते धूड एकदा खोकून, दोनदा शिंकून धडधडायला लागायचं.

मशीन वडिलांचं होतं. वडील थकले तेव्हा घरात धाकटा भाऊ होता, पण त्याला कपड्यांवर तेलाचा डाग खपत नसे. तो कचेरीत चिकटला. अक्काचं तेव्हा एका शिंप्याशी लग्न ठरत होतं. तिने त्याला आधीच सांगून टाकलं, "माझ्यासोबत एक मशीन येणार आहे." तो म्हणाला, "येऊ दे की. माझ्याकडेही एक आहे." एवढ्या बोलण्यावर दोघांचं जमलं ते जमलंच. पुढच्या खोलीत त्याचं शिलाईचं मशीन, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिचं. सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली. बाईच्या हाताने जनरेटर कसला चालतोय, म्हणाले. मग एका लग्नात दुसऱ्याचा जनरेटर ऐन जेवणाच्या वेळी बसला, अक्काने आपला ओढून आणला आणि अंधारात चाचपडणाऱ्या वऱ्हाडाला उजेड दिला. तेव्हापासून मुरडलेली नाकं सरळ झाली. हे मशीन म्हणजे तिचा या शहरातला पत्ता होता, म्हणा ना.

दर हिवाळ्यात शहरात एक छोटासा चित्रपट महोत्सव भरायचा, नुसत्या भीतीच्या सिनेमांचा. भुतं, पछाडलेली घरं, परग्रहावरून आलेलं काहीबाही. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंना या सिनेमांचं विलक्षण वेड. त्यांनी चार हौशी माणसं जमवून तो सुरू केला होता. जागा कुठली, तर बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याचं आवार. भिंतीला पडदा, पुढे खुर्च्या, बाजूला चहाचं टेबल. कारखान्याची वीज केव्हाच तोडलेली, त्यामुळे अक्काशिवाय त्यांचं पान हलत नसे. ती आवाराच्या भिंतीबाहेर टेम्पो लावायची, कानांत कापसाचे बोळे कोंबायची आणि मशीनशेजारी स्टुलावर बसून राहायची. इतक्या वर्षांत तिने तिथला एकही सिनेमा पाहिला नव्हता.

पण ते सगळे तिला पाठ होते. तिच्या नवऱ्याला पास मिळायचा. तो संध्याकाळी शेवटच्या रांगेत बसायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी, पँटचे पाय दुमडता दुमडता, आख्खा सिनेमा तिला सांगायचा. एरवी हा माणूस चार शब्दांवर पाचवा बोलत नसे. मापं घेतानासुद्धा गिऱ्हाईकाला हातानेच वळवायचा. पण भुताची गोष्ट सांगायला लागला की सुई दातांत धरून असा रंगायचा, की अक्काचा चहा निवून जायचा. "मग काय झालं?" ती विचारायची. तो दोरा तोडायचा, थोडा थांबायचा आणि म्हणायचा, "मग ना, दाराखालून पाणी यायला लागलं."

तिचा सर्वांत लाडका होता तो लिफ्टचा सिनेमा. एक माणूस लिफ्टमध्ये अडकतो, मदतीसाठी तिथला फोन उचलतो, तर पलीकडून त्याची वारलेली थोरली बहीण बोलायला लागते आणि लहानपणच्या एकेका खोडीवरून त्याची खरडपट्टी काढते. ही गोष्ट ऐकताना अक्काच्या अंगावर काटा यायचा आणि हसूही यायचं.

त्या वर्षी थंडीला नुकती सुरुवात झाली होती, तेव्हा विज्ञानाच्या बाई घरी आल्या. महोत्सवाचं ठरवायला आल्या असणार म्हणून अक्काने खुर्ची पुढे केली, चहा टाकला. बोलता बोलता म्हणाली, "बाई, या वर्षी तो लिफ्टचा परत लावा. बहीण रागावते तो."

"बहीण?" बाई विचारात पडल्या. "त्यात बहीण कुठे होती?"

बाई इतके सिनेमे बघतात, बिचाऱ्यांचा गोंधळ होत असेल, असं अक्काला वाटलं. पुढच्या खोलीतलं शिलाईमशीन मात्र एकदम थांबलं आणि जरा वेळाने पुन्हा सुरू झालं.

बाईंनी चहा संपवला आणि मुद्द्यावर आल्या. समितीने ठरवलं होतं की यंदापासून महोत्सवात डिझेल जाळायचं नाही. प्लॅस्टिकचे फलक नाहीत, फेकायचे कप नाहीत. "मी वर्गात मुलांना धुराचा धडा शिकवते," त्या म्हणाल्या, "आणि हिवाळा आला की स्वतःच धूर करते. पृथ्वी बुडाल्याचे सिनेमे दाखवायचे आणि भिंतीमागे डिझेल जाळायचं. मुलं विचारतात हो. कारखान्यामागच्या नाल्यात आपले मागच्या वर्षीचे कप अजून पडलेत. शेजारच्या घरांतली माणसं महोत्सवाचे दिवस खिडक्या लावून काढतात." शाळेच्या गच्चीवर सूर्याच्या विजेचे पत्रे होते. विजेवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांतून काढलेल्या बॅटऱ्या जोडून एक मोठा संच तयार केला होता. दिवसा तो शाळेत भरायचा आणि संध्याकाळी त्यावर सिनेमा चालवायचा. "तुम्ही मात्र हव्यात, अक्का. त्या संचाचं आणि तारांचं काम तुम्ही बघा."

"म्हणजे मशीनला नारळ, आणि मी बॅटरीला पंख्याने वारा घालत बसू," अक्का म्हणाली.

"तसं नाही हो."

"तसंच आहे. तुम्हाला जमतंय ते करा. मी नाही येणार."

बाई उठल्या. दारात थबकून शिंप्याला म्हणाल्या, "तुमचं ठरल्याप्रमाणे ना? चादरी परवा पाठवते."

हे अक्काला नवीन होतं. बाई गेल्यावर उलगडा झाला. महोत्सवाचे सगळे फलक या वर्षी जुन्या चादरी आणि पडद्यांच्या कापडावर शिवायचे होते, आणि ते काम तिच्या नवऱ्याने पंधरवड्यापूर्वीच घेतलं होतं.

"वा," ती म्हणाली. "तुमच्या मशीनला काम आणि माझ्या मशीनला सुट्टी. आणि तुम्ही तोंडाला कुलूप लावून बसलात."

"तुला सांगणार होतो," तो म्हणाला.

"केव्हा? फलक टांगून झाल्यावर?"

तो पुन्हा सुईत दोरा ओवायला लागला. त्यानंतर कित्येक दिवस अक्का त्याच्याशी सरळ बोलली नाही. चहा झाला की कपाला सांगायची, "जा, त्यांच्यापुढे जाऊन बस." भाजी संपली की पिशवीला म्हणायची, "कुणी बाजारात जाणार असेल तर विचार." शिंपी निमूटपणे चादरींवर कापडाची भुतं शिवत राहिला. निळ्या पडद्याचं एक हडकुळं भूत त्याने इतकं छान केलं होतं, की अक्काचे डोळे जाता येता तिकडे वळायचे. मग ती मुद्दाम दुसरीकडे बघायची.

महोत्सव सुरू झाला त्या संध्याकाळी तिने जनरेटर टेम्पोवर चढवला आणि थेट कारखान्याच्या भिंतीबाहेर, नेहमीच्या जागी नेऊन लावला. कुणी बोलावलं नव्हतं. "असू दे जवळ," ती स्वतःशीच म्हणाली. खरं तर त्यांचं घोडं कुठे अडतंय ते तिला डोळ्यांनी बघायचं होतं. हे लोक धावत येतील, अक्का वाचवा म्हणतील, मग आपण जरा आढेवेढे घेऊ, असा सगळा हिशेब तिने मनात मांडून ठेवला होता.

घोडं काही अडलं नाही. अंधार पडला, भिंतीपलीकडे पडदा उजळला आणि सिनेमा सुरळीत चालला. अक्का कानांत बोळे न घालता टेम्पोत बसून राहिली. आतून मधूनच शेदीडशे माणसं एकदम किंचाळायची आणि लगेच आपल्याच घाबरण्यावर खो खो हसायची. इतकी वर्षं ती या माणसांना उजेड पुरवत आली होती, पण त्यांचं हे किंचाळणं आणि हसणं तिने कधी ऐकलं नव्हतं. तिला आत जावंसं वाटलं. पण नाक आडवं आलं. ती तशीच घरी परतली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून आलं. ऊन असं पडलंच नाही. संध्याकाळी अक्का पुन्हा जागेवर हजर. सिनेमा सुरू होऊन निम्म्यावर आला असेल, तेवढ्यात पडद्याचा उजेड थरथरला आणि विझला. आत गलका झाला. महोत्सवाच्या समितीतला औषधाचा दुकानदार धापा टाकत बाहेर आला. "अक्का, लावा हो तुमचं. बॅटरी बसली. दिवसभर ऊन नव्हतं, भरलीच नाही पुरती." त्याच्यामागून बाई आल्या. त्यांचा चेहरा पडला होता. अक्काने त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी होकाराची मान हलवली.

मनात मांडून ठेवलेले आढेवेढे अक्का विसरली. तिने तार आत फेकली, हँडल मारलं आणि मशीन पहिल्याच झटक्यात बोललं. इतका आनंद तिला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. पडदा पुन्हा उजळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुकानदार म्हणाला, "मी थांबतो इथे. तुम्ही आत जा, बसा जरा. आज तुमचा मान."

म्हणून अक्का पदराला हात पुसत पहिल्यांदाच त्या आवारात शिरली. शेवटच्या रांगेत नवऱ्याशेजारची खुर्ची रिकामी होती. तिला बघून तो दचकला, मग सरकून बसला.

पडद्यावर एक बाई भाड्याच्या घरात एकटीच राहत होती. संध्याकाळ झाली की तिच्या खोलीच्या भिंतीतून कुणीतरी कुजबुजायचं. निदान तसं असावं, कारण ती सारखी दचकून भिंतीकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते. पण अक्काला ऐकू येत होती ती फक्त धडधड. भिंतीवरून येऊन, कारखान्याच्या छपराच्या पत्र्यावर आपटून, खुर्च्यांच्या पायांतून वर चढणारी धडधड. मशीनजवळ उभं असताना हा आवाज तिला कधी असा वाटला नव्हता. तिथे तो तिच्या हातातला होता. इथे तो सगळ्यांच्या डोक्यावर बसला होता. थोड्या वेळाने वारा फिरला आणि डिझेलचा धूर खाली उतरला. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी सवयीने पदर नाकाला लावला. कुणी कुरकुर केली नाही. सगळी माणसं खुर्चीच्या टोकाला येऊन, माना पुढे काढून बसली होती.

तिने पुढच्या आजींना विचारलं, "तुम्हाला ऐकू येतंय का?"

"छे," आजी मागे न बघता म्हणाल्या. "दर वर्षी असंच. ओठांवरून समजून घ्यायचं. काल मात्र काय छान ऐकू आलं."

अक्का नवऱ्याकडे वळली. त्याच्या कानाशी तोंड नेऊन तिला जवळजवळ ओरडावं लागलं. "काय म्हणाली ती?"

"ती म्हणाली, की या भिंतीला दार होतं पूर्वी."

"तुम्हाला ऐकू आलं?"

मग त्याने मान हलवली. नाही.

"मग लिफ्टमधली बहीण?"

"नव्हती."

"आणि दाराखालून आलेलं पाणी?"

"कुणीतरी दाराकडे बघत होतं खरं," तो म्हणाला. "पुढचं मीच केलं."

"सगळ्या गोष्टी?"

"चित्रं त्यांची होती. बोलणं माझं." मग म्हणाला, "तू विचारायचीस ना, मग काय झालं. मग काहीतरी व्हायलाच पाहिजे होतं."

"मग मला सांगायचं होतंत ना, की ऐकू येत नाही."

"तुझं मशीन आहे ते," तो म्हणाला. "मी कसा नावं ठेवू?"

अक्काला काय वाटलं ते तिला धड सांगता आलं नसतं. राग आला असं म्हणावं, तर राग नव्हता. चोरी तिची पकडली गेली होती की त्याची, हेच तिला कळेना. पडद्यावरच्या बाईने हळूच भिंतीला कान लावला. आख्ख्या आवाराने श्वास रोखला. आणि त्या रोखलेल्या श्वासावर मशीन आपलं धडधडत होतं.

ती उठली. बाहेर गेली. दुकानदार म्हणाला, "काय हो, आवडला नाही?" तिने डिझेलचा कॉक फिरवला. मशीन दोनदा आचके देऊन शांत झालं आणि आत पुन्हा अंधार पसरला.

"अहो, हे काय केलंत?" दुकानदार म्हणाला. "मधेच?"

"उद्या दाखवा," अक्का म्हणाली. "ऊन असेल तेव्हा. असा सिनेमा दाखवण्यात काही अर्थ नाही. लोक नुसती तोंडं बघतायत."

दुकानदार तणतणत आत गेला. लोकांना काय सांगायचं, पाहुण्यांना काय सांगायचं, असं बरंच बोलत होता. बाई मात्र अक्काजवळ येऊन उभ्या राहिल्या. "उद्या संध्याकाळी दुसरा खेळ आहे, पण दुपारी दाखवता येईल," त्या म्हणाल्या. "शाळा मागच्याच गल्लीत आहे, तिथून थेट तार ओढून. पण दुपारी अंधार कुठून आणायचा?" आणि मग त्यांचं त्यांनाच आठवलं. कारखान्यात बर्फ साठवायची खोली होती. जाड भिंतींची, एकही खिडकी नसलेली, उन्हाळ्यातसुद्धा गार राहणारी. तिचं दार कुणी वर्षानुवर्षं उघडलं नव्हतं.

आवारात काही लोक उठून निघाले होते. बरेच अजून बसले होते. कुणीतरी अंधारात म्हणालं, "निदान पुढे काय होतं ते तरी सांगा." बाई म्हणाल्या, "मी सांगितलं तर उद्याची मजा जाईल."

तेव्हा अक्का शेवटच्या रांगेपाशी गेली आणि नवऱ्याला म्हणाली, "उठा. तुम्ही सांगा."

"मला कुठे माहीत आहे?"

"तुम्हाला कधी माहीत होतं?"

शिंप्याची बोबडीच वळली. पण अक्काने दंडाला धरून त्याला उभं केलं, आणि आता बसायचं म्हटलं तर ते जास्त लाजिरवाणं झालं असतं. एका टेबलावर कंदील होता, तो कुणीतरी त्याच्यापुढे ठेवला. सुरुवातीचे चार शब्द तो नुसता पुटपुटला. मागून कुणी ओरडलं, "मोठ्याने." त्याने घसा साफ केला. "त्या बाईने भिंतीला कान लावला," तो म्हणाला, "तर आत कुजबुज चालली होती. एक नव्हे, दोघं होते. एक दुसऱ्याला म्हणत होता, हळू बोल. तिने कान लावलाय."

आवारात चिडीचूप शांतता पसरली. पुढच्या आजींनी शेजारणीचा हात धरला.

मग शिंपी खुलला. भिंतीतले ते दोघं म्हणजे त्या घरात पूर्वी राहून गेलेलं जोडपं निघालं. खिडकी उघडी कुणी ठेवली, यावरून मरताना त्यांचं भांडण झालं होतं, आणि ते अजून मिटलं नव्हतं. रोज संध्याकाळी ते तेच भांडण हळू आवाजात उकरून काढायचे. शेवटी ती भाडेकरू बाई भिंतीला तोंड लावून म्हणते, "मी ऐकते आहे. पहिल्यापासून सांगा." लोक हादरले, हसले, पुन्हा हादरले. अक्का खांबाला टेकून उभी होती. आपला नवरा इतक्या लोकांसमोर इतकं बोलतोय, हे तिला भुतापेक्षा अद्भुत वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. बर्फाच्या खोलीत झाडलोट करून, हवेसाठी दार किलकिलं ठेवून, शाळेतून तार ओढून तो सिनेमा पुन्हा पहिल्यापासून लावला. एकेक कुजबुज कानाशी आल्यासारखी ऐकू येत होती. भिंतीत कुणीच नव्हतं, पाण्याचा नळ होता, असं शेवटी निघालं. बाहेर पडताना लोक नाराज होते. "शिंप्याचा शेवट जास्त चांगला होता," आजींनी बाईंना स्पष्ट सांगितलं.

त्यानंतर अक्का बॅटऱ्या शिकली. ज्या तरुणीने त्या जोडल्या होत्या, तिच्याकडे आठवड्यातून दोनदा जाऊन बसायची. सोपं नव्हतं. डिझेलचं मशीन रुसलं तर त्याच्या धुरावरून कळायचं, बॅटरी गप्पच असते. पहिल्या महिन्यात तिने चुकीची जोडणी करून एक तार जाळली आणि तरुणीच्या शिव्या खाल्ल्या. पण हळूहळू हात बसला. जनरेटर तिने विकला नाही. वादळात तारा तुटल्या तेव्हा दवाखान्याला त्यानेच उजेड दिला, आणि तेव्हा त्या धडधडीला कुणी नाव ठेवलं नाही. लग्नांना मात्र ती आपला वेगळा, लहानसा बॅटरीसंच न्यायला लागली, तेव्हा काही गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. त्यांना आवाजाशिवाय लग्न झाल्यासारखंच वाटत नसे. अक्काने फार मनाला लावून घेतलं नाही.

महोत्सवाचे निम्मे सिनेमे आता दुपारी बर्फाच्या खोलीत होतात. पत्र्यांकडून जेवढी वीज मिळेल तेवढेच खेळ ठरतात. धुवायच्या कपांवरून समितीत अजून भांडणं होतात, कारण धुवायला कुणी तयार नसतं. ढग आले की एखादा खेळ पुढे ढकलतात, आणि त्या मोकळ्या वेळात शिंप्याला उभं करतात. लोक आता ढगांची वाट बघतात, असं बाई चेष्टेने म्हणतात. शेजारच्या घरांच्या खिडक्या त्या दिवसांत उघड्या असतात. काही जण तर खिडकीतूनच फुकट सिनेमा बघतात.

या वर्षी आणखी एक गोष्ट झाली. दुसऱ्या एका गावात काही मंडळी परग्रहांच्या सिनेमांचा असाच छोटा महोत्सव करतात. त्यांचं पत्र बाईंकडे आलं, की तुमचा बॅटरीचा संच वर्षभर पडून असतो, तर तो आणि तो चालवणारं माणूस आम्हाला चार दिवस मिळेल का. बाईंनी अक्काला विचारलं. अक्का म्हणाली, "मिळेल. पण जागा आधी सांगा म्हणावं. सावलीत ठेवायला लागतो."

निघायच्या सकाळी तिने संच टेम्पोत चढवला, पट्ट्यांनी करकचून बांधला. शिंपी दुकानाचं दार लावून कापडी फलकांची गुंडाळी काखेत घेऊन आला. गुंडाळीतून एका हिरव्या प्राण्याचे तीन डोळे बाहेर डोकावत होते.

"तीनच डोळे?" अक्का म्हणाली.

"चौथा वाटेत लावतो. सुई-दोरा घेतलाय."

"वाटेत खड्डे आहेत."

"मग जिथे लागेल तिथे," तो म्हणाला आणि तिच्याशेजारी चढून बसला. तिने टेम्पो सुरू केला, आरशात एकदा मागे पाहून घेतलं आणि गल्लीतून हळूच बाहेर काढला.